‘खलनायिका’ की ‘प्रतिनायिका’? ‘स्टार ट्रेक’मधील स्त्रिया आणि आपले मराठी शब्द

प्रश्न

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेतील स्त्री-व्यक्तिरेखांवर मी मराठीत एक दीर्घ लेख लिहीत आहे. भर मुख्यतः ‘डीप स्पेस नाइन’ (१९९३–१९९९) आणि ‘व्हॉयेजर’ (१९९५–२००१) या दोन मालिकांवर आहे. अडचण नेमक्या शब्दांची आहे. ‘व्हॉयेजर’ची कॅप्टन कॅथरिन जेनवे आणि ‘डीप स्पेस नाइन’मधील मेजर किरा नेरीस यांना ‘नायिका’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर नायकाची प्रेयसी उभी राहते. मग ‘स्त्री-नायक’ असे लिहावे का? दुसरीकडे, विन अदामी, सेस्का, बोर्ग या अर्धयांत्रिक जमातीची राणी, स्त्रीरूपातील चेंजलिंग (रूप बदलणारा जीव) आणि मूळ मालिकेच्या १९६८च्या एका भागातील, शत्रुपक्षाच्या रोम्युलन लोकांची सेनाधिकारी या सगळ्यांना सरसकट ‘खलनायिका’ म्हणणे मनाला पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

‘नायिका’ हाच शब्द ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘नी’ म्हणजे नेणे या संस्कृत धातूपासून नायक आणि नायिका हे दोन्ही शब्द आले. आपले जहाज पृथ्वीपासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले गेल्यावर, परतीच्या प्रवासाला ७५ वर्षे लागणार हे ठाऊक असताना, दीडशेच्या आसपास माणसांना घरी नेण्याचे काम जिच्या शिरावर येते, ती जेनवे या मूळ अर्थाने नायिकाच आहे.

शब्द आक्रसला तो काव्यशास्त्रात. अष्टनायिकांची नावे आठवून पाहावीत : वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका आणि अभिसारिका. प्रियकर येणार आहे, आलेला नाही, मुठीत आहे, भांडून गेला आहे, दुसरीकडे रात्र काढून आला आहे, परगावी आहे, यांवरून प्रत्येकीचे नाव ठरते. याउलट नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत हे चार प्रकार त्याच्या स्वतःच्या स्वभावावरून पाडलेले आहेत. नायकाला स्वभाव दिला आणि नायिकेला केवळ अवस्था दिली, हा भेद आपल्या शब्दात आजही मुरलेला आहे, आणि आपल्याला जी अडचण जाणवली ती त्याचीच आहे. (मराठीत आणि गोव्याकडे ‘नायक’चे दुसरे स्त्रीलिंगी रूप ‘नायकीण’ हे गाण्यानाचण्याचा पेशा असलेल्या स्त्रीसाठी रूढ झाले. पुरुषाकडे ‘नाईक’ ही पदवी राहिली आणि स्त्रीरूप भलत्याच अर्थाला गेले, ही गोष्ट मला नेहमी खटकते.)

म्हणून माझी सूचना अशी की, नायकाची विशेषणे निःसंकोचपणे नायिकेला लावावीत. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात धीरोदात्त नायकाची लक्षणे महासत्त्व, अतिगंभीर, क्षमावान, आत्मप्रौढी न मिरवणारा, स्थिर, अहंकार झाकून ठेवणारा आणि दृढव्रत अशी दिली आहेत. ही सातही जेनवेला लागू पडतात. ‘धीरोदात्त नायिका’ असे लिहिले की प्रेयसीची सावली आपोआप दूर होते. ‘स्त्री-नायक’ या जोडशब्दात मात्र नायक हा मुळात पुरुषच, स्त्री हा अपवाद, असे आपणच कबूल करून बसतो.

यावर कोणी म्हणेल की, धीरोदात्त म्हटले की आपण तिला निर्दोष ठरवले. तसे नाही. १९९६मधील ‘ट्यूविक्स’ हा भाग पाहावा. वाहतूकयंत्रातील अपघातात टूवॉक आणि नीलिक्स हे दोन सहकारी मिसळून एकच नवा जीव तयार होतो. त्याला स्वतःचे नाव असते, स्वतःच्या आवडीनिवडी असतात आणि जगण्याची इच्छा असते. पुढे त्या दोघांना परत वेगळे करण्याचा उपाय सापडतो, पण तो केला तर ट्यूविक्स उरणार नाही. तो सर्वांसमोर जिवाची भीक मागतो आणि कोणीही त्याच्या बाजूने पुढे येत नाही. रुग्णाला अपाय करणार नाही या व्रताला जागून जहाजाचा डॉक्टर ती प्रक्रिया करण्यास नकार देतो, तेव्हा जेनवे स्वतः यंत्रासमोर उभी राहून ती पूर्ण करते आणि एक शब्दही न बोलता बाहेर पडते. दृढव्रत असण्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, हे त्या भागाइतके उघडपणे या मालिकेने क्वचितच दाखवले असेल. नायिका हा शब्द कथेतील स्थान सांगतो. सद्वर्तनाची हमी तो देत नाही.

किराच्या बाबतीत ‘रणरागिणी’ आणि ‘वीरांगना’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत, असे मी सुचवीन. मोह होणे साहजिक आहे, कारण कार्डेशियन या परकीय जमातीने तिचा बेजोर ग्रह व्यापला असताना ती किशोरवयातच प्रतिकारदलात दाखल झालेली असते. परंतु हे दोन्ही शब्द आपल्याकडे आरतीच्या ताटासारखे वापरले जातात, आणि एकदा ओवाळले की मग प्रश्न विचारायची सोय राहत नाही. मालिका मात्र ते प्रश्न विचारते. १९९७च्या ‘द डार्कनेस अँड द लाइट’ या भागात, तिने एका घरात पेरलेल्या बॉम्बमुळे विद्रूप झालेला एक कार्डेशियन तिच्या जुन्या साथीदारांना एकेक करून मारत तिच्यापर्यंत येतो. तो सैनिक नव्हता, त्या घरातला नोकर होता. किरा त्याच्यासमोर माफी मागत नाही; तुम्ही आमच्या भूमीवर होता, म्हणून तुम्ही सर्वच आमचे लक्ष्य होता, अशा आशयाचे उत्तर ती देते. हे वाक्य उच्चारणाऱ्या व्यक्तीला ‘रणरागिणी’ म्हटले तर निम्मे सत्य झाकले जाते. ‘नायिका’ म्हटले तर पूर्ण सत्याला जागा राहते.

आता ‘खल’. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागणे आहे. तेथे खळ हा माणूस आहे आणि व्यंकटी म्हणजे त्याच्या बुद्धीतील वाकडेपणा. तो सांडू शकतो, हे गृहीत धरूनच प्रार्थना केलेली आहे. यावरून एक कसोटी हाती येते : सरळ होण्याची वाट समोर असताना जी जाणूनबुजून वाकडी वाट धरते, ती खल. नायकाच्या विरुद्ध बाजूला उभी असणे एवढ्यावरून कोणी खल ठरत नाही. तिच्यासाठी ‘प्रतिनायिका’ हा शब्द आहे.

आपण उल्लेखिलेली रोम्युलन सेनाधिकारी हे प्रतिनायिकेचे उत्तम उदाहरण आहे. ‘द एंटरप्राइज इन्सिडेंट’ या भागात तिच्या राज्याची हद्द ओलांडतात ते आपले तथाकथित नायक. एंटरप्राइज जहाजाचा कॅप्टन कर्क शस्त्रक्रियेने रोम्युलन चेहरा घेऊन तिच्या जहाजावरील अदृश्य होण्याचे यंत्र चोरतो, आणि तेवढ्या वेळात त्याचा सहकारी स्पॉक तिच्या मनाशी खेळत तिला गुंतवून ठेवतो. ती आपल्या कर्तव्याला धरून वागते. कपट समोरच्या पक्षाचे आहे. ती स्पॉकच्या कानात आपले नाव सांगते, पण प्रेक्षकाला ते कधीच कळत नाही. जहाजांच्या ताफ्याची प्रमुख असलेल्या स्त्रीला साधे नावसुद्धा मिळू नये, हे मला फार लागते.

दुसरे मत

वरील विवेचनाशी मी बव्हंशी सहमत आहे, मात्र ‘प्रतिनायक’ शब्दाच्या आधाराविषयी शंका आहे. ज्या ‘दशरूपका’चा दाखला दिला आहे, त्याच ग्रंथात प्रतिनायक हा लोभी, धीरोद्धत, हटवादी, पापी आणि व्यसनी शत्रू असतो, असे म्हटले आहे. रावण आणि दुर्योधन ही त्याची नेहमीची उदाहरणे. म्हणजे शास्त्राप्रमाणे प्रतिनायक हा खलच असतो. शिवाय ‘प्रतिनायिका’ म्हटले की शृंगाराच्या संदर्भात सवत असा अर्थ डोकावतो, तो वेगळाच. विरोधक या अर्थी निराळा शब्द घडवणे बरे नव्हे का?

उत्तर

शास्त्राविषयी आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते मान्य केले पाहिजे. परंतु आजच्या मराठीत ‘प्रति’ या उपसर्गाने प्रतिस्पर्धी, प्रतिपक्ष, प्रतिवादी असे शब्द घडतात, आणि त्यांपैकी कशातही पापाची छटा नाही. न्यायालयातील प्रतिवादी गुन्हेगार असतोच असे कोणी समजत नाही. शब्द लोकांच्या वापरात ज्या बाजूला झुकला आहे, त्या बाजूला त्याला टेकू द्यावा. नवा शब्द घडवून तो रुळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हे सोपे आहे. सवतीची छटा विज्ञानकथेच्या संदर्भात उद्भवण्याचा संभव मला फारसा दिसत नाही.

या भेदाचा खरा उपयोग होतो तो विन अदामीच्या बाबतीत, कारण ती एका शब्दातून दुसऱ्या शब्दात जाताना आपल्याला दिसते. लुईस फ्लेचर यांनी साकारलेली ही बेजोरी धर्मगुरू १९९३मध्ये प्रथम येते आणि १९९४मध्ये ‘काय’ या सर्वोच्च धर्मपदावर बसते. किराला ती कायम ‘बाळ’ म्हणून हाक मारते, आणि तो गोडवा ऐकून अंगावर काटा येतो. कजाग, कैदाशीण, जहांबाज, त्राटिका हे आपले शब्द येथे काहीच कामाचे नाहीत. ते सगळे आवाज चढवणाऱ्या, भांडणाऱ्या, घराचा उंबरठा दणाणून सोडणाऱ्या बाईवर रागावलेले शब्द आहेत, आणि विन तर सहसा आवाज चढवतच नाही. तिच्यासाठी साळसूद, आतल्या गाठीची, पाताळयंत्री हे शब्द चपखल बसतात. हे तिन्ही शब्द पुरुषालाही तितकेच लागू पडतात, हाही त्यांचा गुण मानावा.

तरीसुद्धा बराच काळ ती प्रतिनायिकाच आहे. १९९६च्या ‘रॅप्चर’ या भागात ती किराला सुनावते की, तुम्ही प्रतिकारदलातले लोक समजता की कार्डेशियनांशी झुंज फक्त तुम्ही दिली. मी धर्म शिकवल्याबद्दल पाच वर्षे त्यांच्या छावणीत काढली, प्रत्येक मारहाण मला आठवते, आणि तुमच्या हाती शस्त्रे होती तेव्हा माझ्याजवळ फक्त श्रद्धा होती. किराजवळ याला उत्तर नसते. प्रेक्षकाजवळही नसते.

खलत्व येते ते १९९९मध्ये, ‘स्ट्रेंज बेडफेलोज’ या भागात. आपण ज्यांना दैवी आदेश समजत होतो ते आदेश दुष्ट शक्तींकडून आले, हे कळल्यावर विन हादरते, किराला बोलावते आणि पश्चात्तापाची भाषा करते. किरा तिचा पूर्वीचा राग बाजूला ठेवून अगदी मनापासून सांगते की, मार्ग आहे, पण त्यासाठी पद सोडावे लागेल. विन थबकते. बेजोरला आपल्यासारख्या खंबीर नेतृत्वाची गरज आहे, असे ती बोलू लागते, आणि त्याच क्षणी आपल्याला समजते की वाट तिच्या समोर होती, ती तिला दिसली होती, आणि तिने ती नाकारली. व्यंकटी सांडण्याची संधी हाताशी येऊनही जिने ती घट्ट धरून ठेवली, तिला त्या भागापासून पुढे ‘खलनायिका’ म्हणण्यास माझी काहीच हरकत नाही. त्याआधी मात्र म्हणू नये.

इतरांविषयी थोडक्यात सांगतो. सेस्का बेजोरी स्त्रीच्या रूपात जेनवेच्या जहाजावर वावरते आणि १९९५मध्ये ती कार्डेशियन हेर असल्याचे उघड होते. तिला ‘घरभेदी’ हा शब्द पुरेसा आहे. बोर्ग राणीच्या बाबतीत ‘सम्राज्ञी’ लिहू नये. बोर्गांची रचना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आहे, त्यामुळे ‘राणी माशी’तील राणी हाच अर्थ तेथे नेमका पोचतो.

स्त्रीरूपातील चेंजलिंग हे प्रकरण मात्र वेगळे आहे. या जीवांचे मूळ रूप द्रवरूप असते, त्याला लिंग नसते. तरी श्रेयनामावलीत तिच्यापुढे नाव नाही, फक्त ती स्त्री असल्याची नोंद आहे. तिच्यासाठी रामायणातील ‘कामरूपिणी’ हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. इच्छेनुसार रूप धारण करणारी, असा त्याचा सरळ अर्थ आहे आणि शूर्पणखेसाठी तो वापरला गेला आहे. ‘मायावी’पेक्षा तो नेमका आहे, कारण येथे भास नाही, रूप खरोखर बदलते. कार्डेशियनांच्या सरसकट संहाराचा हुकूम देणारी म्हणून ती निःसंशय खल आहे. पण शेवटी तिच्याच जातीच्या ओडोशी एकरूप झाल्यावर ती शरण येते आणि खटल्याला सामोरी जाते. वरील कसोटी प्रामाणिकपणे लावायची, तर तिची व्यंकटी सांडली, असे म्हणावे लागेल.

पुरवणी प्रश्न

जेनवेविषयी लिहिताना ‘कॅप्टन’ ठेवावे की मराठी शब्द योजावा? आणि क्रियापद ‘म्हणाली’ की ‘म्हणाल्या’?

उत्तर

मालिकेच्या पहिल्याच भागात हा प्रश्न तिच्याच तोंडून आला आहे. नवखा अधिकारी हॅरी किम शिरस्त्याप्रमाणे तिला ‘सर’ म्हणतो. ती सांगते की, ‘सर’ म्हटलेले मला आवडत नाही. तो गडबडून ‘मॅम’ म्हणतो. त्यावर, अडीअडचणीला ते चालेल, पण ‘कॅप्टन’ म्हटलेले मला अधिक आवडेल, असे तिचे उत्तर असते. तेव्हा संवादांत ‘कॅप्टन’ हेच ठेवावे. ‘कॅप्टनबाई’ तर मुळीच लिहू नये.

निवेदनात ‘कर्णधार’ लिहिता येईल. मुळात तो सुकाणू धरणाऱ्याचा शब्द आहे, आणि महिला क्रिकेट संघाच्या बातम्यांत ‘संघाची कर्णधार’ असे आपण रोज वाचतो. शब्दाला वेगळे स्त्रीरूप द्यावे लागत नाही. लिंग षष्ठीचा प्रत्यय आणि क्रियापद सांभाळतात. ‘म्हणाली’ की ‘म्हणाल्या’ हे लेखात पुरुषांचे काय केले आहे त्यावर ठरवावे. कर्क आणि ‘डीप स्पेस नाइन’चा प्रमुख सिस्को यांना ‘तो’ म्हटले असेल, तर जेनवेला ‘ती’ म्हणण्यात अनादर नाही. त्यांना ‘ते’ म्हटले असेल, तर जेनवे, किरा आणि विन या तिघींनाही ‘त्या’ म्हणावे, आणि विनचा राग येतो म्हणून तिच्या एकटीच्या वाट्याला ‘ती’ येऊ देऊ नये.