घर काकांच्या नावावर, फौजी बाबांची घरपट्टी माफ होईल का?

बोरीकाठ: राम राम मंडळी. आमचे बाबा फौजेत होते, 71 ची लढाई केलेली, 79 ला पेन्शनवर आले अन् अमळनेरला गिरणीत रातपाळीचे वॉचमन झाले. आम्ही पाच जण एका खोलीत, भाडं थकलं की मालक दारात यायचा अन् बाबा गुपचूप आईला पुढं करायचे 😄 85 ला त्यांच्याच पैशानं गावठाणात धाब्याचं घर बांधलं पण ते गिरणीत ड्युटीवर म्हणून पंचायतीत नाव काकांचं लागलं. दर मिरगाआधी खारी माती टाकायचो तरी गळायचंच, मग बाबा पहिले नंबर टाकलेली काळी लोखंडी पेटी उचलायचे, आम्हाला नंतर. बाबा आता नाहीत, आई 74 ची आहे. माजी सैनिकाला पट्टी माफ म्हणतात, ग्रामसेवक म्हणतो नमुना 8 वर नाव नाही, चला. काय करू?

कपाशीवाला: माफी आहे भाऊ. 2020 ला बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आली त्यात सगळे माजी सैनिक अन् त्यांच्या विधवा घेतल्या, राज्यात एकाच घराला. दाखला जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, डिस्चार्ज बुक अन् पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, सोबत ने. पण घर आईच्या नावावर पाहिजे, ग्रामसेवकाचं तेवढं बरोबर, बोलायची पद्धत सोडून.

तापीचा_पूर: नमुना 8 म्हणजे पट्टीचं रजिस्टर, मालकीचा पुरावा नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर प्रॉपर्टी कार्डावर कोण आहे ते बघ आधी. काका हयात असतील तर आईच्या नावे रजिस्टर बक्षीसपत्र करून घे, आजच. उद्या वारस वाढले की बसा कोर्टात.

एरंडोलकर: विषय सोडून सांगतो, आमचे आबा 72 च्या दुष्काळात सुट्टीवर आले तर आजी घरी नाहीच, खडी फोडायला गेलेली. वर्दीवरच तिथं पोचले, मुकादम साहेब समजून उभा राहिला अन् आबा खाली बसून तिच्यासोबत खडी फोडू लागले.

बोरीकाठ: काका सही देतो म्हणाले, चुलतभाऊ म्हणतो धाब्याची निम्मी लाकडं आमची. काल पेटी उघडली. खालच्या घड्या वाळवीनं खाल्ल्या पण डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत कोरडं, सोबत त्या खोलीच्या भाड्याच्या सगळ्या पावत्या दोऱ्यानं बांधलेल्या. सोमवारी जळगावला निघतो.