क्रेग व्हर्जिनला अमेरिका विसरली, हे मला खटकतं

अंगणवेल:
माझी लेक इथे इलिनॉयमध्ये हायस्कूलच्या क्रॉस कंट्री टीममध्ये पळते, म्हणजे ट्रॅकऐवजी गवत-चिखलातून लांब पळायची रेस. दर शनिवारी रेस, ओलं गवत, गाडीच्या मॅटवर स्पाइक्सचा चिखल, आणि बघावं तिकडे पोरांच्या अंगात सत्तरच्या दशकातला अमेरिकन धावपटू स्टीव्ह प्रीफाँटेनचे टीशर्ट. मागच्या आठवड्यात मी चार-पाच जणांना विचारलं क्रेग व्हर्जिन कोण, एकालाही सांगता आलं नाही. अहो याच राज्यातल्या लेबनन गावाजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा तो, जन्मापासून किडनीचा आजार, आणि वर्ल्ड क्रॉस कंट्री चॅम्पियनशिप जिंकणारा आजवरचा एकमेव अमेरिकन पुरुष, तेही लागोपाठ दोनदा, १९८० ला पॅरिस आणि १९८१ ला माद्रिद. प्रीफाँटेन ग्रेट होताच पण माझ्या मते रिझल्टमध्ये व्हर्जिन त्याच्या पुढे आहे आणि पोरांना हे कोणीतरी सांगायला हवं.

डोंगरवाट:
नाही पटलं. नुसत्या मेडलवर माणूस मोठा ठरत नाही. प्री, म्हणजे प्रीफाँटेन, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला २१ वर्षांचा होता, ५००० मीटरमध्ये शेवटच्या मैलात सगळ्यांना अंगावर घेऊन पळाला, सोन्यासाठी पळाला म्हणूनच शेवटी पाय संपले आणि अगदी रेषेजवळ ब्रिटनच्या इयन स्टुअर्टने गाठून ब्राँझ नेलं. चौथा आला, पण ती रेस लोक अजून बघतात. शिवाय खेळाडूंना पैसे मिळू न देणाऱ्या एएयूशी, म्हणजे अमेरिकेतल्या हौशी खेळांच्या संघटनेशी, तो उघडपणे भांडला. १९७५ मध्ये २४ व्या वर्षी कार अपघातात गेला, आणि तीन वर्षांनी कायदा होऊन एएयूची सत्ता गेली, ती हवा तयार करण्यात त्याचा वाटा होता. टीशर्ट उगाच नाहीत.

अंगणवेल:
भांडणाबद्दल मान्यच. पण धावण्याचं बोलायचं तर प्रीचा १०,००० मीटरचा अमेरिकन रेकॉर्ड व्हर्जिननेच १९७९ ला मोडला, आणि १९८० च्या जुलैत पॅरिसला २७ मिनिटं २९.१६ सेकंद! तेव्हा जगात त्याहून फास्ट फक्त केनियाचा हेन्री रोनो होता. आणि त्याच महिन्यात मॉस्को ऑलिंपिक, जिथे अमेरिकेने बहिष्कार घातलेला. तिथे ही रेस इथिओपियाचा यिफ्टर २७:४२ ला जिंकला. हातातोंडाशी आलेला घास गेला हो त्याचा, आणि यात त्याची काय चूक होती?

खारावारा:
ताई, ऑलिंपिक फायनल ही टायमिंगची रेस नसते. यिफ्टर शेवटच्या ३०० मीटरला जो सुटायचा तो कोणाला सापडत नव्हता. पॅरिसचं टायमिंग मॉस्कोला लावून मेडल वाटता येत नाही. आणि माद्रिदचंही पूर्ण सांगा, त्या वर्षी इथिओपियाची टीम पहिल्यांदाच आली होती, त्यांनी लॅप मोजण्यात गडबड केली आणि एक लॅप शिल्लक असतानाच स्प्रिंट मारून मोकळे झाले. नाहीतर व्हर्जिन जिंकला असता का, मला शंका आहे.

अंगणवेल:
लॅप मोजणं हाही रेसचाच भाग आहे. आणि चूक कळल्यावरही त्यांचा मोहम्मद केदीर परत पेटून पळालाच की, फक्त दोन सेकंदांनी मागे राहिला, म्हणजे शेवटी व्हर्जिनला त्याला हरवावंच लागलं. बरं पॅरिसला कोणी काय चुकलं होतं? लाँगशाँच्या घोड्यांच्या रेसकोर्सवर ब्रिटनचा निक रोझ एवढा पुढे निघून गेला होता की रेस संपल्यातच जमा होती, आणि हा शेवटच्या सरळीत रोझला मागे टाकून पश्चिम जर्मनीच्या ऑर्थमनच्याही जेमतेम एक सेकंद पुढे आला. आणि माद्रिदनंतर साधारण तीन आठवड्यांत बॉस्टन मॅरेथॉनला जपानच्या सेकोच्या मागे दुसरा, २:१०:२६. गवत, ट्रॅक, रोड, सगळीकडे. प्री कधी मॅरेथॉन पळाला?

डोंगरवाट:
२४ व्या वर्षी गेलेल्या माणसाला मॅरेथॉन का नाही पळालास असं विचारायचं? हे चुकलं तुमचं.

अंगणवेल:
हो, ते चुकलं, मागे घेते.

रानमेवा:
तुम्ही दोघं मगापासून पुरुषांचंच भांडताय. अमेरिकेच्याच लिन जेनिंग्जने वर्ल्ड क्रॉस कंट्री तीनदा जिंकलंय, १९९०, ९१ आणि ९२, त्यातलं शेवटचं स्वतःच्या देशात बॉस्टनला, आणि त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये १०,००० ला ब्राँझ. व्हर्जिनचे दोन, हिचे तीन. ताई तुमची लेक पळते म्हणता, मग तिला आधी हे नाव सांगा ना.

अंगणवेल:
आज संध्याकाळीच सांगते. व्हर्जिनबद्दलचं मत मात्र बदलत नाही.

खारावारा:
जेनिंग्जबद्दल दुमत नाहीच. पण क्रॉस कंट्री १९२४ नंतर ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे सामान्य माणसाला ते टायटल किती अवघड आहे हेच कळत नाही. ट्रॅकवाले, मॅरेथॉनवाले, स्टीपलचेसवाले (अडथळे ओलांडत पळणारे) सगळे एकाच रेसमध्ये, हीट म्हणजे प्राथमिक फेरी नाही, लेन नाही, एकच गन. मला व्हर्जिनची माद्रिदची रेस अजूनही अर्धी नशिबाची वाटते, पण लाँगशाँसाठी मात्र पोरांनी त्याचा टीशर्ट घालायला माझी काही हरकत नाही.