मदत हवी आहे: केमोत पोटासाठी प्रोबायोटिक द्यावं का?

काका ५८ वर्षांचे, एएमएल (रक्ताचा कॅन्सर). परळला इंडक्शन (पहिल्या फेरीची) केमो झाली; एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २००, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) आहे. अँटिबायोटिकवर जुलाब लागलेत. नातेवाईक म्हणतात, चांगले जंतू मेलेत, प्रोबायोटिकच्या पुड्या द्या, ताक पाजा. द्यावं का? पुढच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटवर या जंतूंचा परिणाम होतो का?
– सुमेधा, दादर

निशिगंध: सुमेधाताई, पुडी आणूच नका. केमोने आतड्याचं अस्तर सोलवटलेलं असतं, पांढऱ्या पेशी नाहीत, त्यामुळे पोटातला जिवंत जंतू रक्तात उतरू शकतो. सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टची पुडी तर न घेताही धोक्याची. फोडताना उडालेली पूड हाताला लागते, तोच हात लाइनच्या टोपणाला लागला की यीस्ट थेट रक्तात. शेजारच्या खाटेपाशी कोणी फोडत असेल तर सिस्टरना लगेच सांगा. विरजणाचं ताकही डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको.

जुलाब थांबवणारं लोपरामाइड मनाने देऊ नका. आधी शौचाचा नमुना सी. डिफिसाइलसाठी (अँटिबायोटिकनंतर जुलाब लावणारा जंतू) जाऊ द्या. पोट उजवीकडे खाली दुखलं किंवा फुगलं तर मध्यरात्रीही कळवा. एनिमा, सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी) पूर्ण बंद.

खारघरकर: ट्रान्सप्लांटचं म्हणाल तर संबंध नक्की दिसलाय. न्यूयॉर्क, डरहॅम, रेगेन्सबर्ग आणि सापोरो इथल्या १,३६२ पेशंटांचा अभ्यास २०२० साली आला. ज्यांच्या आतड्यात जंतूंचे प्रकार कमी उरले, त्यांच्यात मृत्यू जास्त. बरेचदा एन्टेरोकॉकससारखा एकच जंतू माजतो. पण यावरून अँटिबायोटिक टाळायचं असं मुळीच नाही! १००.४ फॅरनहाइट ताप टिकला, किंवा एकदाच १०१ झाला, तर तासाभरात पहिला डोस गेलाच पाहिजे. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप लपवू नका. कल्चरचा (कोणता जंतू वाढतोय त्या तपासणीचा) रिपोर्ट आल्यावर मात्र जरूर विचारा, 'मेरोपेनेमवरून कमी जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिकवर येता येईल का?' ट्रान्सप्लांटआधी रेक्टल स्वॅबने (गुदद्वारातून घेतलेल्या नमुन्याने) चिवट, म्हणजे अँटिबायोटिकला दाद न देणारा क्लेबसिएला जंतू तपासणार का, तेही विचारा.

निरोगी माणसाचे जंतू शौचातून देण्याचा उपायही कोणी सुचवेल. २०१९ मध्ये अमेरिकेत त्यातून चिवट ई. कोलाय शिरून ट्रान्सप्लांटचा एक पेशंट दगावला. क्लिनिकल ट्रायलबाहेर नकोच.

सुमेधा: धन्यवाद. मग उकळलेली कढी?

निशिगंध: खळखळून उकळलेल्या कढीत विरजणाचे जंतू उरत नाहीत, पण जुलाबात लॅक्टोज बाधू शकतं. सध्या मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी, सगळं ताजं आणि गरम. वरून कच्ची कोथिंबीर नको. कढीचं वॉर्डातल्या आहारतज्ज्ञांना विचारा, जुलाब थांबल्यावर.