मदत हवी आहे: मातीची जमीन धूळ न सुटता घट्ट कशी करायची?

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चची टीम पूर्व युगांडातल्या बुसोगा भागात, एका खेड्यात मुलांसाठी काम करते आहे. इथे पायात शिरणाऱ्या वाळूपिसवांचा फार त्रास आहे. मादी कातडीत घुसते, तिची अंडी जमिनीवर पडतात आणि सुट्या धुळीत अळ्या वाढतात. टाचेवर, नखांच्या कडेला पांढरे टपोरे फोड, मधोमध काळा ठिपका. काही लेकरांना धड पाऊल टेकवत नाही, बघवत नाही हो.

उपचार चालू आहेत, त्याबद्दल प्रश्न नाही. डायमेथिकोन (एक प्रकारचं सिलिकॉन तेल) लावतो, पिनेने उकरणं थांबवायला सांगतो (एकच पिन घरभर फिरते, धनुर्वाताची भीती). पण मूल रात्री त्याच जमिनीवर झोपतं आणि पुन्हा तेच. पाणी शिंपडून पाहिलं, दुपारपर्यंत धूळ परत तयार. बूट वाटले, ते घरात कोणी घालत नाही. सिमेंट परवडणारं नाही.

लाल मुरूम आणि वारुळाची माती हवी तेवढी मिळते. शेण मात्र थोडंच, गाई मोजक्याच घरी आहेत. शेळ्या आहेत, त्या रात्री घरातच बांधतात.

गावाकडे ज्यांनी स्वतः जमीन केली आहे त्या ताई-दादांनी, काकूंनी कृपया सांगा: मुरूम आणि मातीचं प्रमाण किती ठेवायचं, चोपण्याने किती दिवस चोपायची, भेगा पडू नयेत म्हणून काय मिसळायचं, आणि इतक्या कमी शेणात किती दिवसांनी सारवलं तर जमीन धरून राहील?