सत्तरीनंतरच्या आयुष्मान कार्डासाठी उत्पन्नाचा दाखला

उत्पन्नाचा दाखला नसेल तर सत्तरीनंतरचं, मोफत उपचारांचं आयुष्मान कार्डही मिळत नाही, असं कुणी कुणी सांगतं. ते चुकीचं आहे. वर्षाला २१,००० च्या आत उत्पन्न ही अट श्रावणबाळ पेन्शनची, आणि तिथं वय ६५ लागतं. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या वय वंदना कार्डाला, म्हणजे याच सत्तरीनंतरच्या आयुष्मान कार्डाला, उत्पन्न बघतच नाहीत. बंगल्यात राहणाऱ्यालाही मिळतं.

अडतं ते आधारवरच्या वयापाशी. आमच्या तासगावच्या आत्या कोयनेच्या धरणीकंपाच्या, म्हणजे १९६७ च्या, कितीतरी आधी लग्न होऊन आलेल्या. पण आधार काढताना कुणीतरी जन्मसाल अंदाजानं १९५७ टाकलं, म्हणून कागदावर सत्तरी भरेना. झाल्या की नाही आत्या लग्नात दहा वर्षांच्या आत! शाळेचा दाखला माहेरी कऱ्हाडला सापडला, तेव्हा कुठं दुरुस्ती झाली. जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, तेव्हा कागद हातात आल्याशिवाय अर्ज करू नका.

आणखी एक, घरात दोघंही सत्तरीपुढचे असतील तर उपचारांचे वर्षाचे ५ लाख दोघांत मिळून असतात. आम्ही आपले १० लाख धरून बसलो होतो.