घाटरस्त्याच्या गाडीला सुपरचार्जर की टर्बो?

घाटवाला: साध्या १.२ लिटर पेट्रोल गाडीपुरतं बोलूया. दोन्ही इंजिनात जास्त हवा कोंबतात: सुपरचार्जर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो, टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या झोतावर. रोज कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी, सुट्टीला गगनबावडा, करूळ घाट. माझं मत सुपरचार्जर. घाटातल्या वळणावर गाडी दुसऱ्या गियरला १८०० आरपीएमवर येते आणि पाय दाबला की दम तिथंच लागतो. रूट्स युनिट (दोन फिरत्या रोटरचा सुपरचार्जर) क्रँकच्या बेल्टवर फिरतं, वाट बघावी लागत नाही. ईटन कंपनीसारख्या युनिटचं तेलही स्वतःचं, इंजिनातनं लाईन काढायची भानगड नाही.

उद्यमनगरी: वाट बघायची नाही हे खरं, पण तो बेल्ट क्रँकचीच ताकद खातो की. बायपास व्हॉल्व्हनं (जादा हवा परत फिरवणारी झडप) निवांत चालवताना तोटा कमी होतो, पाय दाबला की बिल येतंच. आता उष्णता बघ. बाहेरची हवा ३५ अंश, बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा जादा दाब, ०.५ बार. रूट्सची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर हवा साधारण १०४ अंशांवर निघते, बऱ्या टर्बोची ७२ धरली तर ८८. साध्या पेट्रोलवर नॉकिंग (मिश्रण वेळेआधी पेटून इंजिन ठोकणं) व्हायला एवढा फरक बास. त्यात रूट्स थेट इंजिनाच्या हवेच्या मॅनिफोल्डवर बसवला तर इंटरकूलर (ही हवा थंड करणारा) पाण्याचा: वेगळा पंप, वेगळा रेडिएटर. टर्बोला बंपरमागं हवेचा चालतो. आणि लॅग (पाय दाबल्यावर दम उशिरा येणं) येतो तो टर्बो मोठा घेतला म्हणून. छोटा घेतला तर २००० च्या आसपास भरतो.

घाटवाला: छोटा घेतला तर वर गुदमरतो. फोक्सवॅगननं २००५ साली १.४ टीएसआयला दोन्ही लावले. सुपरचार्जर खालच्या आरपीएमला, ३५०० च्या वर क्लच सुटून एकटा टर्बो. खाली टर्बो पुरत होता तर हा खटाटोप कशाला?

उद्यमनगरी: आणि पुढच्या १.४ मधनं सुपरचार्जर काढला कुणी? त्यांनीच.

लेथवाला: भावांनो, गाड्या बंद पडतात त्या तेलाच्या रिटर्नवर, म्हणजे टर्बोतनं तेल इंजिनात परत नेणाऱ्या पाईपवर. टर्बोचं रिटर्न दाबानं नाही, उतारानं वाहतं. पाईप जाड पाहिजे, कुठं खोलगट नको, आणि चेंबरमध्ये (इंजिनाखालची तेलाची टाकी) तेलाच्या पातळीच्या वर सोडायचा. खाली सोडला की तेल तुंबतं, सीलमधनं गळतं आणि निळा धूर. टर्बो बसवायचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उद्यमनगरात जोडून मिळेल, पण पातळ एसएस (स्टेनलेस स्टील) नको, वेल्डपाशी तडकतो. जाड एमएस (साधं स्टील) पाईप, १० ते १२ मिमी फ्लँज, आणि टर्बोच्या वजनाला वेगळं ब्रॅकेट. घाट चढून लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा, नाहीतर बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा.
सुपरचार्जरही साधा नाही. पुली मिलिमीटरभर रेषेबाहेर गेली की बेल्टची कड उसवते. बूस्टसाठी लहान पुली लावली की बेल्ट घसरतो, वरच्या आरपीएमला गेजचा काटा खाली येतो.

प्लगगॅप: काहीही बसवा, मूळ पिस्टनवर ०.४ बारच्या पुढं जाऊ नका. मोठे इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून, मिश्रण दाखवणारा वाईडबँड मीटर. पूर्ण लोडवर एक भाग पेट्रोलला हवा ११.५ ते १२ भागांच्या आत. प्लग एक नंबर थंड, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. टाकीत ९५ ऑक्टेन. आणि काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा. मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या बदलांबद्दल कलम ५२ आहे, क्लेमच्या वेळी हेच काढतात.

घाटवाला: रिटर्नचं पटलं. पण त्या पाईपच्या भोकासाठी चेंबर उतरवावा लागतो, जागेवर ड्रिल मारला तर बुरा तेलात. सुपरचार्जरला हे काम वाचतं, माझं मत तिथंच.