मुंबई-लंडन: जाताना दहा तास, येताना नऊ. असं का?

पार्लेकरीण
आईवडिलांची तिकिटं ग्रुपवर येऊ लागली की हा जुना प्रश्न पुन्हा वर येतो, म्हणून धागा काढतेय. मुंबई ते हीथ्रो सरळ अंतर साधारण ७,२०० किमी. विमानाचा वेग ताशी ९०० धरून सगळे आठ तास काढतात आणि तिकिटावर दहा बघून गोंधळतात. जाणकारांनी नीट लिहा, अंदाजपंचे नको.

गगनविहारी
वारा! ३०-४० हजार फुटांवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हिवाळ्यात जोर जास्त. ९०० हा हवेतला वेग, जमिनीवरचा नाही. समोरून सरासरी १०० चा वारा असेल तर ७,२०० भागिले ८००, ९ तास. तोच पाठीशी आला की भागिले १,०००, म्हणजे ७ तास १२ मिनिटं. सीटसमोरच्या नकाशावर ग्राउंड स्पीड दिसतो, तो बघा, लगेच कळतं.

अंधेरी_पूर्व
+१. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. गर्दीत विमान गेट सोडूनही टॅक्सीवेवर रांगेत उभं राहतं. हीथ्रोला उतरायच्या आधी लॅम्बर्न नाहीतर बिगिन या ठरलेल्या जागांवर नंबर लागेपर्यंत घिरट्या. कंपन्या हे सगळं वेळापत्रकात आधीच धरतात, म्हणून कधीकधी विमान 'लवकर' पोचतं.

सुलभा_ठाणे
दोन्हीकडच्या वेळा तिथल्या तिथल्या असतात ना? मग तास कसे मोजायचे?

गगनविहारी
हो सुलभाताई. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, त्या आठवड्यातलं तिकीट दोनदा तपासा. दुपारी १:३० ला निघून संध्याकाळी ६ ला पोचलं तर साडेचार अधिक साडेपाच, १० तास. येताना वजा करायचे: रात्री ९ ते दुसऱ्या दिवशी ११:३० म्हणजे साडेचौदा, वजा साडेपाच, ९.

मीरारोडकर
हवाई हद्दीचं कुणीच लिहिलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. दिल्लीइतका फटका मुंबईला नाही, कारण इथून अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने निघता येतं. पण आखातात तणाव वाढला की तीही वाट वळवावी लागते.
आणि लांबची वाट म्हणजे जास्त वेळ, असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किमीच्या आसपास गेलं, पण वारा पाठीशी, त्यामुळे तास घटले.

सुलभा_ठाणे
छान समजलं. यांचं इन्सुलिन कुठल्या घड्याळाप्रमाणे द्यायचं?

औषधवाली_दादर
ताई, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, मनाने ठरवू नका. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो, डोस त्याप्रमाणे बदलू शकतो. इन्सुलिन हँडबॅगेतच ठेवा. खाली सामानात गोठलं तर निकामी होतं, मग वितळलं तरी वापरायचं नाही. चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव हवं, आपले ब्रँड तिकडे ओळखत नाहीत.

अंधेरी_पूर्व
मुंबई विमानतळाच्या टी२ (टर्मिनल २) ला आता मेट्रो ३ म्हणजे ॲक्वा लाइनचं स्टेशन आहे. पहाटेच्या विमानाला मात्र टॅक्सीच बघा, मेट्रो रात्री बंद.

सुलभा_ठाणे
आमचं दुपारचं आहे. घाटकोपरहून मेट्रो वन, मग मरोळ नाक्याला बदलायची ना?

अंधेरी_पूर्व
बरोबर. मरोळ नाक्यानंतरचं पुढचंच स्टेशन टी२. कफ परेडकडे जाणारी गाडी पकडा.